कॉलेजच्या बजेटमध्ये जुनी लक्झरी गाडी: गोव्यात घ्यायची तर आधी पाणी बघा, मग लोगो

बारा-चौदा वर्षं जुनी मर्सिडीज सी-क्लास किंवा बीएमडब्ल्यू थ्री सिरीज आज नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशात मिळते, कधीकधी त्याहून कमीत, त्यामुळे अधूनमधून कोणीतरी पोरगा स्क्रीनशॉट पाठवतोच की दादा ही बघ ना, साडेतीन लाख फक्त, सनरूफ पण आहे. सनरूफ आहे हीच तर भानगड आहे, पण तिकडे नंतर येतो. आधी एवढं डोक्यात ठेवा की गाडी स्वस्त झालीय, तिचे पार्ट स्वस्त झालेले नाहीत. नवी असताना ती तीस-पस्तीस लाखांची होती आणि तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिचा साधा एक सेन्सर आजही तीस-पस्तीस लाखांच्या गाडीचाच आहे. मालकाने गाडी का काढली याचं खरं उत्तर बहुतेक वेळा पुढच्या महिन्यात येणाऱ्या बिलात असतं, आणि ते बिल तुमच्या नावावर फाटणार असतं.

तरी घेऊ नका असं मी म्हणणार नाही. नीट बघून घेतलेली जुनी अ‍ॅकॉर्ड किंवा सी-क्लास पाच वर्षं मजेत चालवणारे लोक फोंड्यात, म्हापशात, मडगावात आहेत. फक्त क्रम पाळायचा, म्हणजे आधी पैसे, मग मॉडेल, मग कागद, मग पाणी आणि गंज, मग इंजिन, आणि रंग-लेदर-म्युझिक सिस्टीम सगळ्यात शेवटी. पोरं नेमकी उलटी सुरुवात करतात.

पैसे

समजा घरचे, इंटर्नशिपचे, चवथीला मामाने दिलेले असे सगळे धरून तुमच्याकडे चार लाख आहेत. तर गाडी अडीच लाखांच्या वर बघायचीच नाही. वीस-पंचवीस हजार कागद आणि इन्शुरन्सला, पंच्याहत्तर हजार पहिल्या तीन महिन्यांच्या कामाला, आणि पन्नास हजार बँकेत, ज्याला गाडी चालू असेपर्यंत हात लावायचा नाही. हे ऐकून लोकांचं तोंड उतरतं कारण चार लाखांची गाडी मनात ठरलेली असते, पण चार लाखांत चार लाखांची गाडी घेतली की पहिला एसी कॉम्प्रेसर गेल्यावर ती गाडी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली जाते आणि मग पुढचा गिऱ्हाईक येऊन तीच तुमच्याकडून पावणेदोनला मागतो.

महिन्याचा हिशोब पण आत्ताच करून टाका. अडीच लिटरच्या आसपासचं पेट्रोल ऑटोमॅटिक इंजिन गावातल्या रस्त्यांवर आणि पणजीच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला आठ किलोमीटर दिलं तरी समाधान मानायचं. कॉलेज, घर, शनिवारची एखादी फेरी मिळून महिन्याला सहाशे किलोमीटर झाले तर पंच्याहत्तर लिटर, म्हणजे लिटरला शंभर धरले तर साडेसात हजार रुपये नुसते पेट्रोलचे. थर्ड पार्टी इन्शुरन्स १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ७,८९७ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. सतरा इंची टायर चार बदलायचे म्हणजे चाळीस-पन्नास हजार सहज जातात, आणि बीएमडब्ल्यूला रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर, असतील तर आणखी वर, शिवाय त्यात स्टेपनी नसते हे बऱ्याच जणांना केपेच्या पुढे कुठेतरी पंक्चर झाल्यावर कळतं. एवढ्या जुन्या गाडीला बँका सहसा कर्ज देत नाहीत, मग पोरं पर्सनल लोन काढतात. ते नको. दारात हत्ती बांधायचा तर निदान चारा तरी उधारीचा नको.

कुठली गाडी

पहिलीच जुनी मोठी गाडी असेल तर जपानी पेट्रोल घ्या, माझं सरळ मत आहे. २००८ ते २०१३ मधली होंडा अ‍ॅकॉर्ड २.४ घ्या किंवा त्याच काळातली टोयोटा कॅमरी. अ‍ॅकॉर्डच्या त्या चार सिलिंडरच्या इंजिनला टायमिंग चेन (इंजिनाचे वरचे-खालचे भाग एका तालात फिरवणारी साखळी) आहे, टर्बो नाही, गिअरबॉक्स साधा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक, आणि गोव्यातला कुठलाही बरा होंडावाला मेकॅनिक डोळे झाकून खोलतो. तीच अ‍ॅकॉर्ड व्ही-सिक्समध्ये मिळाली तर तिला चेनच्या जागी टायमिंग बेल्ट, म्हणजे रबरी पट्टा असतो, तो कधी बदलला याचं बिल मागा, नसेल तर बदलायचाच आहे असं धरून किंमत पाडा. वाईट गोष्ट एकच, गाडी बुटकी आहे. आपल्या वाड्यावाड्यावरचे स्पीड ब्रेकर पंचायतीने ज्या मापाने घातलेत ते बघता खालून घासणार, मागे तिघं बसले की नक्की घासणार.

जर्मनच पायजे असेल तर इंजिनाचं नाव माहीत करून घ्या, नुसतं बीएमडब्ल्यू ३२०डी म्हणून चालत नाही. २००७ ते २०११ च्या दरम्यानच्या ३२०डीमध्ये एन४७ नावाचं डिझेल इंजिन आहे आणि त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलीय. चेन सैल झाली तर ती बदलायला गिअरबॉक्स किंवा इंजिन बाहेर काढावं लागतं, तुटली तर इंजिनच गेलं. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर मागच्या बाजूने खर्र्र असा आवाज आला की हात जोडून निघायचं, सूट किती देतो ते विचारत बसायचं नाही.

मर्सिडीजची डब्ल्यू२०४ (हा त्या पिढीच्या मॉडेलचा कोड) सी-क्लास त्यामानाने बरी, पण पेट्रोल सी२०० मध्ये एम२७१ इंजिनाची चेन ताणते आणि कॅमशाफ्टचे गिअर झिजतात, तिथेही थंड स्टार्टचा आवाज ऐकायचा. या गाड्यांचं स्टीअरिंग लॉकचं युनिट पण जातं, चावी आत जाते पण फिरतच नाही आणि गाडी आहे तिथून टो करावी लागते. त्याआधीची डब्ल्यू२११ ई-क्लास दिसायला राजेशाही, पण २००६ पर्यंतच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक ब्रेकचा पंप आहे, त्याला किती वेळा ब्रेक दाबले याचा काउंटर असतो, तो भरला की डॅशबोर्डवर लाल वॉर्निंग, आणि पंपाची किंमत ऐकून आपल्या तोंडचं पाणी पळतं. एअर सस्पेन्शनवाली असेल तर रात्रभर उभी ठेवून सकाळी बघा, एक कोपरा खाली बसलेला असला तर समजलं.

ऑडी ए४ मध्ये १.८ टीएफएसआय इंजिन ऑइल खातं आणि मल्टीट्रॉनिक गिअरबॉक्स घेऊच नये असं मला वाटतं. स्कोडा सुपर्ब लक्झरी आहे का यावर लोक भांडतात, भांडू दे, मागच्या सीटवर बसून बघा. पण १.८ पेट्रोलला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) येतो, तो गरमीत आणि थांबत-सरकत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये मेकॅट्रॉनिकसकट, म्हणजे गिअर बदलणाऱ्या युनिटसकट जातो. २.० डिझेलचा सहा गिअरवाला डीएसजी ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा आहे, तो जास्त टिकतो.

गोव्यात अशा गाड्या कुठून येतात

बोटीवर नोकरी करणारे, लंडनला किंवा गल्फमध्ये गेलेले, यांच्या पोर्चमध्ये कमी चाललेल्या चांगल्या गाड्या असतात, आणि आई-बाबा म्हणतात की बाबा दर आठवड्याला चालू करतो. चालू करणं आणि चालवणं वेगळं. उभ्या गाडीचे टायर एका बाजूने चपटे होतात, रबराचे सील सुकतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज खोल जातो, बॅटरी मेलेली असते आणि उंदीर वायरिंग खातात. बोनेटच्या आत, इंजिनाच्या वरच्या कव्हरखाली हात घाला, नारळाची शेंडी, पेपरचे कपटे, लेंड्या मिळाल्या तर वायरिंगचा खर्च धरा. टायरवर चार आकडी कोड असतो, ३२१६ लिहिलं असेल तर २०१६ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर, त्याच्यावर कितीही नक्षी शिल्लक दिसली तरी तो बदलायचाच. अशा गाडीत मालक स्वतः इथे नसतो हा दुसरा प्रश्न, सही कोण करणार ते आधी विचारा. मालक वारला असेल तर फॉर्म ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर येते, मग तुमच्या, आणि भावंडांचं आपसात पटत नसेल तर ते तुमचं कॉलेज संपेपर्यंत चालतं.

दुसरा प्रकार म्हणजे टुरिस्टांना भाड्याने फिरवलेली गाडी. रीतसर रेंट-अ-कॅबला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात, ती ओळखू येते, पण पांढऱ्या पाटीवर गुपचूप फिरवलेल्या पण खूप आहेत. पर्वरीला मावसभावाबरोबर एक थ्री सिरीज बघायला गेलेलो. विकणारा म्हणत होता, "घरची गाडी पात्राव, बायल फक्त बाजारात व्हरता, कितेंच प्रॉब्लेम ना." गाडी चकाचक होती. भावाने ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सरकवली तर रेल्समध्ये बारीक पांढरी वाळू. मागच्या सीटच्या फटीत बोटं घातली तर कळंगुटच्या पे पार्किंगची पावती, मग आणखी एक, मग आणखी एक, सगळ्या मे महिन्यातल्या. बायको रोज कळंगुटच्या किनाऱ्यावर भाजी आणायला जात असणार. म्हणून सीटखालचं बघा, चारही अलॉयच्या कडा बघा, बंपरच्या खालच्या कोपऱ्यांवर चिऱ्याच्या कुंपणाचे लाल ओरखडे आहेत का बघा, गावातली गल्ली माहीत नसलेला माणूस तिथेच घासतो.

तिसरी बाहेरची गाडी, बेळगाव, कोल्हापूर, मुंबई किंवा थेट दिल्ली. दिल्लीत १० वर्षांच्या डिझेलवर आणि १५ वर्षांच्या पेट्रोलवर बंदीचा आदेश २०१५ ला हरित लवादाने दिला आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला, तेव्हापासून तिकडच्या गाड्या बाकी देशात स्वस्तात येतात. किंमत बघून भुलू नका, एनओसी, गोव्यात नव्याने रजिस्ट्रेशन, इथला रोड टॅक्स हे सगळं मिळवा आणि मग इथल्या गाडीशी तुलना करा, बहुतेक वेळा फरक उरत नाही. आणि एमएच ०९, एमएच १०, एमएच ०८ दिसली की कान टवकारा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण पाण्यात होतं, आणि पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून कुठेतरी विकल्या जाणारच.

कागद, गाडी बघायच्या आधी

नंबर मागा आणि परिवहनच्या साइटवर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर टाका. कितवा मालक, रजिस्ट्रेशन कधीपर्यंत, इन्शुरन्स, पीयूसी, बँकेचा बोजा, ब्लॅकलिस्ट, हे पाच मिनिटांत कळतं. चलनं ई-चलनच्या साइटवर. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे पेट्रोल जाळून जायचंच नाही.

इथे एक गोष्ट पोरांना कोणी सांगत नाही. खासगी गाडीचं आरसी १५ वर्षांचं असतं, म्हणजे २०११ ची गाडी घेतलीत तर फिटनेस करून रिन्यू करणं लगेच तुमच्याच गळ्यात येतं. एप्रिल २०२२ पासून कारच्या रिन्यूअलची फी ५,००० रुपये झाली, पण गाडी इम्पोर्टेड म्हणून नोंदलेली असेल तर ४०,०००. आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांच्या वरच्या गाडीला १०,०००, इम्पोर्टेड असेल तर ८०,०००. आता जर्मन गाडी म्हणजे इम्पोर्टेड असं नसतं. मर्सिडीज पुण्यात १९९५ पासून बनते, बीएमडब्ल्यू चेन्नईला २००७ पासून, ऑडी औरंगाबादेत त्याच सुमारास सुरू झाली. पण काही मॉडेल्स आणि व्हेरियंट पूर्ण बांधून बाहेरून आलीत, दिसायला सेम, म्हणून जपानी असो की जर्मन, आरसीवर आणि साइटवर काय नोंद आहे ते वाचा. एका शब्दाचा पस्तीस हजारांचा फरक आहे.

चॅसी नंबर आरसीवरचा आणि गाडीवरचा स्वतः डोळ्यांनी जुळवा, काचेच्या खालचा पण आणि बोनेटमध्ये ठोकलेला पण.

पाणी

गोव्यात जुनी लक्झरी गाडी मरते ती पाण्याने, किलोमीटरने नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेले महिने खारट हवा. म्हणून माझा आग्रह असतो की गाडी जून-जुलैमध्ये बघा. डिसेंबरमध्ये सगळ्या गाड्या कोरड्या आणि सुंदर असतात. जुलैमध्ये गळणारी गाडी लपवता येत नाही, वायपर, हेडलाइट, डिमिस्टर सगळं खरं खरं दिसतं, आणि त्या दिवसांत गिऱ्हाईक कमी असल्यामुळे मालक पण जरा नरम असतो. खालचा गंज मात्र चिखलामुळे दिसत नाही, तर आधी वॉशिंगला नेऊन खालून धुऊन घ्या, पैसे तुम्ही द्या.

आता सनरूफ. सनरूफच्या चौकटीला चार कोपऱ्यांत भोकं असतात, त्यातून पाइप खांबांच्या आतून खाली जातात आणि पावसाचं पाणी चाकांजवळ बाहेर पडतं. आंब्याखाली, फणसाखाली, माडाखाली उभ्या गाडीत ते पाइप पानं आणि लाल मातीने तुंबतात, आणि मग पाणी छताच्या कापडातून नाहीतर खांबातून आत उतरतं. बाटलीभर पाणी न्या. सनरूफ उघडा, पुढच्या एका कोपऱ्यात अर्धा कप हळूच ओता आणि मित्राला चाकाजवळ वाकून बघायला सांगा. काही सेकंदांत खाली पाणी टपकायला पायजे. टपकलं नाही तर ते आत कुठेतरी गेलं. चारही कोपरे करा. मालक वैतागेल, वैतागू दे.

मग डिकी. कार्पेट उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा. थ्री सिरीजमध्ये बॅटरी डिकीत असते, मर्सिडीजमध्ये फ्यूज आणि इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं युनिट तिथेच बाजूला असतं, म्हणजे टेललाइटच्या रबरातून शिरलेलं वाटीभर पाणी गाडीचा मेंदू खराब करायला पुरतं. पुढच्या दोन्ही बाजूंच्या पायाखालचं कार्पेट मुठीत धरून दाबा, वरून कोरडं आणि खालचा स्पंज ओला असं नेहमी सापडतं. पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ राहते कारण तिथपर्यंत कोणी धूत नाही. आत शिरल्या शिरल्या परफ्यूमचा भपकारा आला तर तो कशासाठी मारलाय याचा विचार करा, एसी बंद करून काचा वर करून पाच मिनिटं नुसतं बसा, बुरशीचा वास आपोआप वर येतो.

गंजासाठी गाडी लिफ्टवर घ्यावीच लागते. जॅक लावायच्या जागा, मागचा सबफ्रेम, ब्रेकचे लोखंडी पाइप, सायलेन्सरचे सांधे, स्प्रिंगच्या वाट्या. वरचेवर लालसर थर असतो तो सगळ्यांनाच असतो, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा, ठण्ण आवाज आला तर ठीक, भुसभुशीत वाटलं किंवा पापुद्रे पडले तर नको. जुन्या डब्ल्यू२१० ई-क्लासचा पत्रा तर जगभर गंजण्यासाठी प्रसिद्ध आहे, किनाऱ्याजवळ राहिलेली ती गाडी फुकट मिळाली तरी विचार करा. खाली नुकताच काळा कोटिंगचा रंग मारलेला दिसला की विचारायचं का मारला आणि कधी. पुट्टीसाठी लोक कापडात गुंडाळून लोहचुंबक फिरवतात, चालतं, पण बीएमडब्ल्यूच्या ई६० फाइव्ह सिरीजचा पुढचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा आहे, तिथे चुंबक चिकटतच नाही, उगाच मालकाला चोर ठरवू नका. आणि फक्त छप्पर रंगवलेलं असेल तर घाबरायच्या आधी वर बघा, माड आहे का ते.

इंजिन आणि चालवणं

सकाळी जा आणि गाडी चालू करून ठेवू नका असं आदल्या दिवशी सांगा. पोचल्या पोचल्या बोनेटला हात लावा. गरम लागलं तर थंड स्टार्टचा आवाज लपवायचाय असं समजून दुसऱ्या दिवशी परत या किंवा सोडा. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा पांढरा चिकटा म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनातलं ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं सील) गेलं असं सगळे सांगतात, पण आपल्या दमट हवेत जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थोडा चिकटा नुसत्या वाफेचा पण असतो, म्हणून कूलंटची टाकी पण बघा. तिथे ऑइलचा तवंग असेल तर मग गेलंच.

हजार-दीड हजारात ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर मिळतो, घ्याच, पुढे पण कामाला येतो. फोनवर अ‍ॅप टाका आणि एरर कोड वाचा. कोड एकही नाही म्हणून खूश होऊ नका, विकणाऱ्याने आदल्या रात्री पुसलेले असू शकतात. अ‍ॅपमध्ये रेडिनेस मॉनिटर असा भाग असतो, तिथे बरेच मॉनिटर अपूर्ण दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलेली. बीएमडब्ल्यू, मर्सिडीजमध्ये गिअरबॉक्स आणि बाकीच्या मॉड्यूलमध्ये पण किलोमीटर साठवलेले असतात, त्या कंपनीचं खास स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडून ते वाचून घ्या, मीटर मागे केलेला असेल तर आकडे जुळत नाहीत. ते जमलं नाही तर ब्रेक पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा, साठ हजार किलोमीटरला ती फाटत नाही.

चालवायला चढ पायजेच. फर्मागुडीचा चढ, पर्वरीचा चढ, वेळ असेल तर चोर्ला घाट. चढावर हळू जाऊन मग पाय दाबा, गिअर एक धक्का देऊन पडतो का, इंजिनाचे आरपीएम वाढतात पण गाडी पुढे जात नाही असं होतं का बघा. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर बदलायचं नाही असं शोरूमवाले सांगायचे, पण बीएमडब्ल्यूसाठी ऑटोमॅटिक बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला म्हणते, तर बदललंय का, बिल कुठे. मग नव्या जुवारी पुलावर सरळ रस्त्याला स्टीअरिंग किंचित सैल सोडून बघा गाडी ओढते का. मग जुन्या खडबडीत रस्त्याला काचा खाली करून, म्युझिक बंद, पुढच्या लोअर आर्मचे बुश खटखट करतात का. शेवटी भर दुपारी ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं एसी फुल, आणि डोळा टेम्परेचरच्या काट्यावर. या एवढ्या चालवण्यात विकणारा शेजारी बसून सतत बोलत असेल तर त्याला नम्रपणे गप्प बसवा.

एवढं सगळं ठीक वाटलं तरी टोकन द्यायच्या आधी गाडी त्या कंपनीच्या कामातल्या स्वतंत्र मेकॅनिककडे न्या, दोन-तीन हजार घेईल. विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजला नाही. मेकॅनिकला विचारायचा प्रश्न गाडी चांगली आहे का हा नाही, तर हिला वर्षभरात काय काय लागेल आणि किती, हा. त्याचं उत्तर कागदावर लिहून घ्या. तोच कागद घेऊन घासाघीस करायची, आवाज न चढवता, टायर इतके, बुश इतके, रिन्यूअल इतकं, म्हणून माझी किंमत ही. गाडीला नावं ठेवून कोणी भाव कमी करत नाही, मालक उलट चिडतो.

नावावर करणं

टोकन यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते, आणि व्यवहार मोडला तर पैसे परत हे दोन ओळींत लिहून घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सही, आधार-पॅनची कॉपी, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, बाहेरच्या राज्याची असेल तर फॉर्म २८. बाहेरची पाटी गोव्यात बारा महिन्यांच्या वर ठेवता येत नाही. बोजा निघायच्या आधी पूर्ण पैसे देऊ नका, कितीही जवळचा माणूस असला तरी. एजंटला द्यायचं असेल तर द्या, पण आरसीवर नाव चढेपर्यंत पाठपुरावा तुम्हीच करायचा. इन्शुरन्स १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही. हाय सिक्युरिटी पाटी नसेल तर तीही लावून घ्या. आणि काचांवर काळी फिल्म असेल तर त्याच दिवशी काढा, २०१२ पासून बंदी आहे आणि जुन्या मर्सिडीजमध्ये विशीतला पोरगा दिसला की पोलीस तसाही थांबवतोच.

पहिला महिना

गाडी आली की लगेच बीचवर न्यायची नाही. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअरबॉक्स ऑइल, बेल्ट, हे आधी, मागच्या मालकाने परवाच केलंय म्हणाला तरी बिल नसेल तर करायचं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, तर इंधनाचे रबरी पाइप तपासून घ्या, तडे दिसले तर नवे टाका, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर तेच पेट्रोल टाकीत ठेवून जाऊ नका. बीएमडब्ल्यू असेल तर कूलंटची प्लास्टिकची टाकी आणि पाइप वयाने ठिसूळ होतात, फुटायची वाट बघू नका.

पार्टसाठी शोरूममधून फक्त पार्ट नंबर घ्यायचा. तो नंबर घेऊन ऑनलाइन शोधा, त्याच कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या लेमफोर्डर, सॅक्स, बॉश यांच्या खोक्यात तीच वस्तू बऱ्याच कमी पैशात मिळते. आरसा, हेडलाइट, दाराचं हँडल अशा गोष्टींना मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फोन लावा, रात्रीच्या खासगी बसने पार्सल टाकतात आणि सकाळी म्हापशाला किंवा पणजीला उचलता येतं, बसवाल्याला दोन-तीनशे द्यायचे. ब्रेक, सस्पेन्शन, एअरबॅग हे मात्र भंगारातलं कधीच नाही. मोठ्या कामाला बेळगाव किंवा कोल्हापूर परवडतं, पण जायचं तर गाडी ट्रकवर टाकून, घाटात गरम होऊन उभी राहिली तर टोचं बिल वाचवलेल्या मजुरीपेक्षा जास्त येतं.

मे महिन्याच्या शेवटी दोन कामं ठरवून टाका, सनरूफचे पाइप नायलॉनच्या जाड दोऱ्याने साफ करायचे, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, आतला सांधा सुटतो, आणि विंडस्क्रीनखालच्या जाळीतली पानं काढायची. पोर्च नसेल तर भाड्याने शेड बघा, वाड्यावर कोणाकडे तरी रिकामी असते.